मानगुटीवर बसलेलं इन्सुलिन

एका वाचकाचं पत्र आहे. घरात अकरा वर्षांचा बोका. मूळचा तो मुलीचा. ती शिकायला बाहेर गेली आणि बोका आई-वडिलांकडे राहिला. चार महिन्यांपूर्वी त्याला डायबेटिस निघाला. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ दोन-दोन युनिट इन्सुलिन. बायको धरते, हे टोचतात, आणि दर वेळी मानगुटीवरच, कारण तिथे तो हलत नाही. आधी ती जागा स्पिरिटच्या बोळ्याने चोळून घेतात. एक सिरिंज तीन-चार दिवस चालवतात. महिन्याभरापासून मानगुटीवर बाटलीच्या बुचाएवढं टक्कल पडलंय, त्यात खपल्या, आणि कातडीखाली वाटाण्याएवढ्या दोन गाठी हाताला लागतात. बोका मागच्या पायाने तिथे सारखा खाजवतो. शुगर एके दिवशी ५००च्या घरात, दुसऱ्या दिवशी २००. मुलीने व्हिडिओ कॉलवर चट्टा पाहिला आणि विचारलं, "बाबा, तुम्ही त्याला काय केलंत?" त्या दिवसापासून यांनी संध्याकाळचा डोस बंद केलाय, त्याला पाच दिवस झाले. घरात पडून असलेलं खाजेचं मलम लावतायत. प्रश्न असा: "त्याला इन्सुलिनची ॲलर्जी आहे हे नक्की. औषध बदलावं, गोळ्या सुरू कराव्यात, की म्हाताऱ्या जीवाला छळणं आता थांबवावं?"

नमस्कार,

तुमच्या पत्रातली सगळ्यात घाईची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून टाकली आहे: पाच दिवस संध्याकाळचा डोस बंद. चट्ट्याबद्दल सावकाश बोलू, तो कुठे पळून जात नाही. आधी हे.

इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साखर भरपूर असूनही शरीराला ती वापरता येत नाही. मग ते चरबी जाळायला लागतं, त्यातून कीटोन तयार होतात, आणि ते साठत गेले की रक्ताचा आम्लपणा वाढतो. तिथून पुढे सलाइन, ॲडमिट करणं, आणि काही वेळा त्याहून वाईट. एखादा डोस चुकला तर आकाश कोसळत नाही. पण पाच दिवस रोजचं निम्मं इन्सुलिन कापणं म्हणजे एखादा डोस चुकणं नव्हे. बोका नेहमीसारखा खात-फिरत असेल तर हे वाचून झाल्यावर डॉक्टरांना फोन करा आणि पाच दिवसांचं खरं खरं सांगा. त्याने खाणं सोडलं असेल, उलट्या होत असतील, तो मलूल पडला असेल, श्वास भराभर चालला असेल, किंवा तोंडाला नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास येत असेल, तर फोनवर वेळ घालवू नका, उचला आणि दवाखान्यात न्या. लघवीतले कीटोन बघायच्या माणसांच्या पट्ट्या मांजरालाही चालतात. तो वाळूत बसला की मागून पट्टी धारेत धरायची. पहिल्या दोन वेळा तुमचा हात भिजेल, तिसऱ्यांदा जमेल.

राहिलेले डोस एकदम भरून काढायला जाऊ नका. आणि जुनाच डोस नव्या जागी टोचायच्या आधीही डॉक्टरांना विचारा. का, ते पुढे सांगते. खरी गोम तिथेच आहे.

आता ॲलर्जी. "हे नक्की" असं तुम्ही लिहिलंय. कशावरून? ॲलर्जी औषधाबरोबर फिरते. जिथे टोचाल तिथे ती उठते. तुम्ही चार महिने एकाच जागी टोचत आलात, त्यामुळे दोष औषधाचा की जागेचा, हे आत्ता तुम्हालाच काय, कोणालाच सांगता येणार नाही. जरा हिशेब करा. रोजच्या दोन, म्हणजे आत्तापर्यंत सव्वादोनशेच्या वर टोचण्या, त्याही बुचाएवढ्या कातडीत. बऱ्याचशा बोथट सुईच्या. प्रत्येकीच्या आधी स्पिरिटने चोळणं. इतक्यावर कोणाचीही कातडी सोलवटेल. औषधाच्या जागी नुसतं मिठाचं पाणी टोचलं असतं तरी थोडाफार चट्टा उठलाच असता, असं माझं मत आहे.

स्पिरिटचं वेगळं सांगते, कारण ते तुम्ही काळजीपोटी करताय. केसाळ कातडीवर ओला बोळा फिरवल्याने काही निर्जंतुक होत नाही. केस चिकटतात, कातडी कोरडी पडते, आणि ओल्या जागेतून सुई गेली की झोंबतं. कातडी स्वच्छ असेल तर घरच्या इंजेक्शनाला मांजराच्या बाबतीत बोळ्याची गरज नसते. माझ्या मांजरीला मी जवळजवळ चार वर्षं इन्सुलिन दिलं. सुरुवातीला मी बोळा भिजवला की ती पलंगाखाली. मला वाटायचं, हिला सुई कळते. तिला सुई कळत नव्हती, वास कळत होता. बोळा बंद केल्यावर आठवड्याभरात ती ताटलीपाशी बसून राहायला लागली, आणि खाता खाता टोचून व्हायला लागलं.

सुईचंही तसंच. या सुया ३० किंवा ३१ गेजच्या, केसासारख्या बारीक, वर सिलिकॉनचा पातळ लेप असतो म्हणून सळकन जातात. एका वापरात तो लेप निघतो आणि टोक किंचित मुडपतं. डोळ्यांना दिसत नाही, भिंगाखाली दिसतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तीच सुई कातडी भेदत नाही, ओरबाडत आत जाते. शिवाय वापरलेल्या सुईवरचे जंतू पुढच्या वेळी इन्सुलिनच्या बाटलीत उतरतात. प्रत्येक डोसाला नवी सिरिंज. यात काटकसर करू नका, हे मी जरा हट्टानेच सांगते.

आता ती गोम. एकाच जागी इन्सुलिन वारंवार गेलं की तिथली चरबी जाड होते किंवा आक्रसते, तंतू तयार होतात, गाठी हाताला लागतात. इन्सुलिन घेणाऱ्या माणसांच्या पोटावर, मांडीवर असंच होतं आणि त्यांच्या डॉक्टरांना ते चांगलं ठाऊक असतं. अशा गाठीत टोचलेलं इन्सुलिन कधी तिथेच अडकून राहतं, कधी उशिरा झिरपतं, कधी एकदम सुटतं. मानगुटीवरची कातडी धरायला सोपी असली तरी रक्तपुरवठा तिथे मुळातच बेताचा. तुमच्या आकड्यांतला ५०० आणि २०० चा लपंडाव बोक्याच्या खाण्यातून आला असेल, मीटरमधूनही आला असेल. पण माझा पहिला संशय त्या दोन वाटाण्यांवर आहे.

म्हणूनच जपून. गाठीतून जेमतेम निम्मं पोचत असलेलं इन्सुलिन उद्या निरोगी कातडीतून पुरतं पोचायला लागलं, तर तीच दोन युनिटं बोक्याला जास्त होतील आणि साखर खाली कोसळेल. जागा बदलताना डोस तोच ठेवायचा की काही दिवस कमी, हे डॉक्टरांनी ठरवायचं. तुम्ही पहिले तीन-चार दिवस टोचल्यानंतर चार ते आठ तासांच्या दरम्यान शुगर बघा, साधारण तेव्हाच ती सगळ्यात खाली असते. तो अडखळत चालायला लागला, मान टाकली, नजर हरवल्यासारखी झाली, झटके आले, तर साखर उतरली आहे असंच समजा. शुद्धीवर असेल, गिळत असेल तर लगेच खायला द्या. खात नसेल तर हिरड्यांना ग्लुकोजचा पाक किंवा मध चोळा. बेशुद्ध मांजराच्या घशात काही ओतू नका. आणि तडक दवाखाना.

मानगुटीशिवाय जागा कुठली? भरपूर आहेत. पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या बाजूने, फासळ्यांवर. तिथून मागे कुशीपर्यंत. मांडीच्या वर, कमरेच्या बाजूला. डावीकडे तेवढ्याच, उजवीकडे तेवढ्याच. सोपा नियम: सकाळी डावी बाजू, संध्याकाळी उजवी, आणि रोज दोन बोटं मागे सरकायचं, मांडीशी पोचलात की पुन्हा फासळ्यांपासून. एखाद्या ठिकाणी तो चिडत असेल तर ते वगळा, हट्ट नको. मानगूट मात्र आता पूर्ण बंद. खपली गेली, केस आले, तरी लगेच नाही.

पहिल्यांदा कुशीत टोचताना तुमचाच हात थरथरेल, म्हणून बारकाईने सांगते. तो खात असताना बाजूला बसा. सिरिंज आधीच भरून ठेवा, आणि भरल्यावर एक-दोन मिनिटं मुठीत धरा, म्हणजे फ्रीजचा गारठा जातो. गार इन्सुलिन जास्त झोंबतं. बाटली मात्र गरम करू नका, उन्हात ठेवू नका. अंगठा आणि मधल्या बोटाने कातडी उचला, मधे तर्जनीने हलकं दाबलंत की तंबूच्या दारासारखी खाच पडते. सुईचं तिरकं कापलेलं तोंड वर ठेवून त्या खाचेत, अंगाला जवळजवळ समांतर सरकवा. बरोबर गेली तर आत मोकळं वाटतं, टोक इकडेतिकडे हलतं. अडखळत असेल तर ती कातडीच्या थरातच आहे. तिथे औषध सोडलं की डास चावल्यासारखा फुगवटा येतो आणि दुखतंही. पुष्कळ जण ॲलर्जी म्हणून ज्याचा फोटो काढतात तो हाच फुगवटा. दांडा दाबून झाल्यावर दोन-तीन सेकंद थांबा, मग सुई काढा, आणि त्यानंतर चिमूट सोडा.

उलटही होतं. सुई तंबूच्या पलीकडून बाहेर येते आणि औषध केसांत जातं. केस ओले लागतात आणि बोटांना औषधी, जखमेच्या पट्टीसारखा वास येतो. इन्सुलिनमध्ये टिकण्यासाठी घातलेल्या द्रव्याचा तो वास. असं झालं तर पुन्हा टोचू नका. किती गेलं, किती सांडलं, हे कळायला मार्ग नसतो. तो डोस गेला म्हणायचं आणि बारा तासांनी पुढचा. माझ्याकडून पहिल्या महिन्यात सहा वेळा झालंय.

हे सगळं करून दोन आठवडे नोंद ठेवा. बोक्याची बाह्याकृती कागदावर काढा, वरून पाहिल्यासारखी, आणि प्रत्येक टोचणीला तारीख, वेळ, जागा. अर्ध्या तासाने आणि दुसऱ्या दिवशी त्या जागेवर हात फिरवून काय लागलं, तेही. शंका वाटेल तिथे शेजारी नाणं ठेवून फोटो. तुमच्या "नक्की"चं उत्तर या कागदावर मिळेल. नव्या जागा स्वच्छ राहिल्या आणि मानगुटीचा चट्टा सुकत गेला, तर ॲलर्जी नव्हती, सवयीचा मार होता. पण नवी सुई, स्पिरिट नाही, नीट कातडीखाली, तरीही जिथे टोचाल तिथे मिनिटांत किंवा काही तासांत लाल, गरम, खाजरी सूज येत असेल, तर तुमचा अंदाज खरा आणि मी माझे शब्द मागे घेईन. तोंड सुजणं, अंगभर पित्त उठणं, एकदम उलट्या, श्वासाला त्रास, कोसळणं ही मात्र तातडीची वेळ. असं क्वचितच घडतं, पण घडलं तर कागदावर नोंदी करत बसायचं नाही.

औषध कधीच दोषी नसतं असं माझं म्हणणं नाही. इन्सुलिनचा इतिहासच कातडीच्या तक्रारीने सुरू होतो. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरोंटोत लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं, तेव्हा साखर थोडीशीच उतरली आणि टोचल्या जागी गळू झालं. अर्क अशुद्ध होता. जीवरसायनशास्त्रज्ञ जेम्स कॉलिप यांनी तो शुद्ध करून दिला आणि २३ जानेवारीपासून पुन्हा सुरू केल्यावर मुलगा सावरला. आजचं इन्सुलिन त्या अर्काच्या मानाने फारच शुद्ध आहे, पण बाटलीत इन्सुलिन एकटं नसतं. कुठे त्याचा परिणाम लांबवण्यासाठी प्रोटामिन आणि जस्त, कुठे टिकण्यासाठी मेटाक्रेसॉल, कुठे पॅराबेन. खुद्द इन्सुलिनही परकंच. मांजराचं इन्सुलिन गाईच्या इन्सुलिनपेक्षा एका अमिनो आम्लाने वेगळं, डुकराच्या तीनने, माणसाच्या चारने. ग्लार्जिन हे लांब पल्ल्याचं इन्सुलिन तर बाटलीत मुद्दाम आम्लधर्मी ठेवतात, कातडीखाली गेल्यावर त्याचे बारीक कण बनून ते हळूहळू विरघळावं म्हणून. त्यामुळे ते टोचताना काही मांजरं अंग आखडतात. ते क्षणभराचं झोंबणं असतं. ॲलर्जी नव्हे.

तेव्हा खरी ॲलर्जी ठरली तर औषध बदलणं हा योग्य रस्ता आहे: प्रोटामिनवालं असेल तर बिनप्रोटामिनचं, एका टिकाऊ द्रव्यावरून दुसऱ्यावर. ते डॉक्टर करतील. तुम्ही फक्त एका गोष्टीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा, ती म्हणजे सिरिंज. मांजरांना दिली जाणारी कॅनिन्सुलिन, प्रोझिंक ही यू-४०, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटं. ग्लार्जिन साधारणपणे यू-१००. यू-१०० चं औषध यू-४० च्या सिरिंजमध्ये दोनच्या रेघेपर्यंत भरलंत, तर बोक्याला दोनऐवजी पाच युनिटं जातील. अडीचपट. औषध बदलल्या दिवशी जुन्या सिरिंजा घरातून बाहेर काढा. ड्रॉवरच्या कोपऱ्यातसुद्धा ठेवू नका. औषध बदललं की डोसाचा अंदाज नव्याने लावावा लागतो आणि पुन्हा काही आठवडे शुगर तपासत राहावं लागतं. म्हणून, नुसत्या चट्ट्यासाठी आधीच औषध बदलून टाकू नका. मग नेमकं कशाने बरं वाटलं तेही कळणार नाही.

गोळ्यांचं विचारलंत. मांजरांसाठी तोंडाने द्यायची दोन औषधं अमेरिकेत मंजूर झाली आहेत: बेक्साग्लिफ्लोझिनची गोळी डिसेंबर २०२२ मध्ये आणि व्हेलाग्लिफ्लोझिनचं पातळ औषध ऑगस्ट २०२३ मध्ये. जास्तीची साखर ती लघवीवाटे बाहेर काढतात. दिवसातून एकदाच द्यायचं, सुई नाही, त्यामुळे मोह होणारच. पण तिथली मंजुरी आहे ती आधी इन्सुलिन न घेतलेल्या, बाकी तब्येत बरी असलेल्या मांजरांसाठी. तुमचा बोका चार महिने इन्सुलिनवर आहे. त्यात या औषधांवर शुगर चांगली दिसत असतानाच कीटोन वाढू शकतात, म्हणजे मीटर गप्प आणि आत आग. डॉक्टरांशी जरूर बोला. मनाने काही आणू नका.

त्या मलमाबद्दल बोलायला मी जरा घाबरतेच आहे. खाजेच्या ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, हायड्रोकॉर्टिसोन यातलं काही लिहिलंय का बघा. असेल तर ते स्टेरॉइड आहे. स्टेरॉइडने मांजराची शुगर चढते, काही मांजरांना तर डायबेटिसच त्यामुळे होतो. वर कातडी पातळ पडते. तुम्ही म्हणाल, मानगूट त्याला चाटता येत नाही. बरोबर, पण तो मागच्या पायाने खाजवतो आणि मग तो पंजा चाटतो. आजच थांबवा आणि ट्यूब डॉक्टरांना दाखवा. त्याच्या जागी दुसरंही काही नको: झिंक ऑक्साइडची क्रीम, टी ट्री तेल हे मांजराच्या पोटात गेलं तर विषारी. आणि दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल तर मुळीच नाही, एका गोळीनेही मांजर जातं. खपल्यांतून पू येत नसेल तर हवा लागू द्या, मागच्या पायाची नखं कापा, फार खाजवत असेल तर थोडे दिवस गळ्यात शंकूची कॉलर. बहुतेक चट्टे एवढ्यावर सुकतात. पू, दुर्गंधी, गरम सूज असेल तर संसर्ग. डायबेटिसमध्ये तो लवकर होतो आणि बरा व्हायला वेळ घेतो.

डॉक्टरांना आणखी दोन-तीन गोष्टी बघायला सांगा. पिसवा: मानगूट आणि शेपटीचं मूळ या त्यांच्या आवडत्या जागा, आणि आपण इंजेक्शनाला दोष देत बसतो. दुसरं, कातडी कागदासारखी पातळ झाली असेल, धरल्यावर फाटत असेल, तर प्रकरण वेगळं. कुशिंग्ज नावाच्या आजारात मांजरांत हे दिसतं, त्यातल्या बऱ्याच जणांना डायबेटिसही असतो आणि इन्सुलिनला तो दाद देत नाही. दुर्मीळ आहे, पण फाटणारी कातडी पाहिली तर चिमटीत धरणं तिथल्या तिथे थांबवा. आणि ज्या वाचकांनी मांजराला ग्लुकोजचा सेन्सर चिकटवलाय त्यांच्यासाठी: त्याखालचा चौकोनी लाल चट्टा बहुतेक वेळा गोंदाचा किंवा केस काढताना मशीनने कातडी सोलवटल्याचा असतो. ओढून उपटू नका, पुढचा दुसऱ्या बाजूला लावा.

गाठींचं तुम्ही विचारलं नाहीत, पण लिहिताना तो शब्द दोनदा लिहिलात, त्यावरून मनात काय आहे ते कळतं. मांजरांत टोचल्या जागी कर्करोगाची गाठ होऊ शकते, हे खरं. लसींच्या संदर्भात ते प्रामुख्याने पाहिलं गेलंय, इतर इंजेक्शनांनंतरही क्वचित. पशुवैद्य यासाठी तीन-दोन-एक असा आडाखा वापरतात: टोचल्यानंतर तीन महिन्यांनीही टिकलेली, दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी, किंवा एका महिन्यानंतरही वाढतच असलेली गाठ. यातलं एकही लागू पडलं तर तुकडा काढून तपासायचा. तुमचे वाटाणे दोन सेंटिमीटरच्या बरेच आत आहेत. तुम्ही रोज तिथेच टोचत होता, त्यामुळे दिवस मोजायला सुरुवात मानगूट बंद केल्याच्या तारखेपासून करा. स्केलने मोजून कागदावर लिहा आणि दर रविवारी पुन्हा मोजा. लहान होत गेल्या तर झालंच. डॉक्टरांना आत्ताच सुईने पेशी काढून बघाव्याशा वाटल्या तर नाही म्हणू नका.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, छळ थांबवण्याचा. हा प्रश्न विचारण्यात काही चूक नाही. म्हाताऱ्या प्राण्याच्या बाबतीत तो कधी ना कधी येतो. पण तो आत्ता आणि या कारणाने विचारू नये, एवढंच मला वाटतं. तुम्ही त्याला जो छळ म्हणताय त्यातला बराचसा स्पिरिटचा, बोथट सुईचा आणि एकाच जागेचा आहे, आणि तो या आठवड्यात संपवता येतो. इन्सुलिन बंद केल्याने मात्र छळ थांबत नाही. नुसता चट्ट्यावरून उठून आत जातो: तहान, भूक, आटणारं अंग, मागच्या पायांतली ताकद जाणं. शिवाय मांजराचा डायबेटिस बहुतेक आपल्या टाइप २ सारखा. कमी कर्बोदकांचं खाणं आणि आवाक्यात ठेवलेली शुगर यांच्या जोरावर काही मांजरांचं इन्सुलिन सुटतं, आणि निदानानंतर पहिल्या काही महिन्यांतच शुगर आटोक्यात आली तर ती शक्यता जास्त. तुमचा चौथा महिना चालू आहे. खाणं बदलायचं झालं तर तेही डॉक्टरांना विचारून. खाणं बदललं की इन्सुलिनची गरज पटकन उतरते.

दोन-तीन महिने नीट करूनही तो रोज लपून बसत असेल, खात नसेल, तुम्ही दोघं झोप गमावून बसला असाल, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा आपण तो प्रश्न आडपडदा न ठेवता बोलू.

आणि मुलीचं. "तुम्ही त्याला काय केलंत" हे तिने लांबून, स्क्रीनवर एक लाल चट्टा पाहून विचारलं. तिला सव्वादोनशे टोचण्या दिसल्या नाहीत, दिसला तो चट्टा. तिच्यापुढे सफाई देऊ नका, तिला कामाला लावा. बोक्याच्या आकृतीचा तो कागद तिच्याकडे राहू द्या. रोज संध्याकाळी सहाला तिने मेसेज करायचा: "आज उजवी कूस, कालच्यापासून दोन बोटं मागे." टोचून झालं की तुम्ही तिला जागेचा फोटो पाठवायचा. आजचा पहिला मेसेज मात्र डॉक्टरांशी बोलून डोस ठरल्यावरच.